पंपावरच्या बीअरची वेळ वाढली तेव्हा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पत्नीलाही नाही. पोलीस खात्यात उमेदीची सगळी वर्षं काढली, कितीतरी लोकांचे जबाब घेतले, पण स्वतःचा जबाब लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीला हात अडखळतोय. तरी लिहितो, कारण ती रविवारची सकाळ मनातून जात नाही. शेवट चांगला झाला, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याने उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नये.

नावं कुणाचीच घेणार नाही. नोकरीत असताना वार्ताहरांनाही देत नव्हतो, आता तर ही सगळी माझ्या शेजारची माणसं आहेत.

पोलीस निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पत्नीच्या मागोमाग टोकियोला आलो. ती सॉफ्टवेअरमध्ये. तिच्या कंपनीने इथलं काम दिलं, मुलीला इथल्या शाळेत घातलं, फुनाबोरीत घर मिळालं. निघण्याआधी पत्नीने एकच अट घातली होती. "दारू पुण्यातच सोडून यायची." मी हो म्हणालो. सोडलीही. काही महिने खरंच सोडली. पण सकाळी दोघी घराबाहेर पडल्या की मी आणि भिंती. ज्या माणसाच्या टेबलावर दिवसभर फोन वाजायचा, त्याच्या दाराची बेलसुद्धा वाजत नव्हती. एका संध्याकाळी बीअरचा एक कॅन आणला. मग दुसरा.

आमच्या इमारतीपासून जवळच एक पेट्रोल पंप आहे आणि त्याला लागून छोटं दुकान. दूध, पाव, तयार भात, सिगारेट आणि बीअर. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, नवरा गेल्यापासून एकट्या. पेट्रोलवर आता पूर्वीसारखं भागत नव्हतं, दुकानावरच पंप तगून होता. पण बीअरच्या फ्रिजवर रोज संध्याकाळी सात वाजता जाळीचा पडदा ओढला जायचा. कायद्याचं तसं काही बंधन नव्हतं. बंधन होतं ते शब्दाचं. बाईंच्या नवऱ्याने कधीकाळी वस्तीला शब्द दिला होता की पंप आहे, गाड्या येतात, सातनंतर दारू विकणार नाही. ऑफिसची माणसं घरी येतात आठ-नऊला. ती पंपावरून पुढे चालत जाऊन दुसरीकडून घ्यायची. म्हणून बाईंनी वस्तीच्या मंडळाकडे विनंती केली होती की वेळ दहापर्यंत वाढवू द्या, नाहीतर वर्षअखेर दुकान बंद करावं लागेल. या मंडळाला इथे चोनाइकाइ म्हणतात. त्याला अधिकार म्हणावा तर काही नाही, पण त्याच्या मनाविरुद्ध वस्तीत पानही हलत नाही.

दुकानात दिवसा एक मराठी मुलगी बाइतो करायची, म्हणजे तासांवरचं काम. मुलगी म्हणतो, पण तिशीची असेल. सांगलीची, एम.कॉम. झालेली, लग्नाआधी बँकेत होती. नवरा इथे आयटीत. तिचं जपानी आमच्या सगळ्या इमारतीत सर्वांत चांगलं. वेळ वाढली तर संध्याकाळचं दुकान तिच्यावर सोपवायचं, असं बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. माल मागवणं, हिशेब, किल्ली, सगळं. "काका, लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातात किल्ली येतेय," असं ती मला कौतुकाने म्हणाली होती, आणि ते म्हणताना माझा बीअरचा कॅन पिशवीत घालत होती. त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवायलाही विसरली नव्हती.

एका दुपारी मंडळाचे अध्यक्ष आमच्या दारात आले. म्हातारे गृहस्थ, पंपासमोर त्यांचं केशकर्तनालय. नशिबाने मुलगी घरी होती. तिने मधे बसून अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं.

"बाबा, ते म्हणतायत, पंपाच्या मागे रोज सकाळी बीअर कॅन्स पडलेले असतात. कावळे बॅग फाडतात. कॅन रस्त्यावर येतात. लहान मुलं तिथून स्कूलला जातात."

"मग?"

"मग ते म्हणतायत, सातलाच बंद करून एवढे कॅन्स, तर दहाला किती?" तिने खांदे उडवले. "आणि बॅग आपली असते."

"आपली म्हणजे?"

अध्यक्षांनी सोबत आणलेलं पुडकं उघडलं आणि आतली वस्तू दोन बोटांत धरून दाखवली. गव्हाच्या पिठाची रिकामी पिशवी. निशी-कासाईच्या भारतीय दुकानातली, जाड, आतलं काही न दिसणारी. आमच्या ओट्याखाली तशाच दोन पडलेल्या होत्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. भारतीय पिशव्या, म्हणजे भारतीय माणसं. दुकानात भारतीय एकच. मग ती सातनंतर मागच्या दाराने आपल्या लोकांना बीअर देते की काय? त्यांनी हे आडून आडून, चार वेळा क्षमा मागत विचारलं. तुम्ही पोलिसात होता, तुम्ही जरा विचारून पाहाल का? येता रविवार सोडून पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. त्याआधी कळलं तर बरं.

इथे ज्या गोष्टीची लाज वाटते ती सांगतो. त्या पिशव्यांतली एक माझी होती.

जपानमध्ये कचरा पारदर्शक पिशवीत टाकावा लागतो. कॅन वेगळे, ठरलेल्या दिवशी, इमारतीच्या दाराशी. कुणी किती प्यायली ते अख्ख्या जिन्याला दिसतं. आणि आमच्याकडे कचरा खाली न्यायची पत्नी, स्टेशनला जाता जाता. तेव्हा मी काय करायचो, तर कॅन पिठाच्या पिशवीत घालून सकाळी नदीकाठी फिरायला निघायचो आणि पंपाजवळ कचऱ्याचा डबा आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत पिशवी सरकवायचो. आयुष्यभर इतरांच्या घरची झडती घेतली, आणि आता मुद्देमाल लपवायला सांदी शोधत होतो.

पण अध्यक्ष सांगत होते तेवढा माल माझा एकट्याचा असणं शक्य नव्हतं. मनात आलं, तपास आपल्याच हाती आलाय तर बरंच झालं. दुसरे कोण ते सापडले की आपली एक पिशवी त्या गर्दीत जाईल. तपास हाती घेताना माझ्या मनात हेच होतं. कर्तव्यबिर्तव्य नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेची पाहणी केली. सांदीत माझी सोडून चार पिशव्या होत्या. माल पाहिला की माणूस दिसतो, हे खात्यात पहिल्या वर्षी शिकवतात. एका पिशवीतले कॅन चेपून चपटे केलेले होते, तो माणूस रागीट किंवा घाईतला. एकीत भारीतली बीअर, एकच कॅन, तो नुकता पगार वाढलेला. एका पिशवीतले कॅन चक्क धुऊन, निथळून ठेवलेले. चोरून टाकतानाही इथला नियम पाळणारा हा कोण गुणी बाळ, असं मला झालं. चौथीचं तोंड पिळून, दुमडून, रबर लावून बंद केलं होतं, जसं आपल्याकडे जुनी माणसं चहापत्तीचं पाकीट बंद करतात. मागच्या दाराने विक्री असती तर एका साच्याचा माल असता. हा वेगवेगळ्या घरांतला होता. खरं तर ती मुलगी तिथेच निर्दोष ठरली होती. तरी मी तिची चौकशी केली. का केली, तर सवय. आणि तिला किती माहीत आहे, हे मला काढून घ्यायचं होतं.

गाड्या धुण्याच्या जागेमागे बाक आहे. तिची जेवणाची सुट्टी होती. डब्यात शेपूची भाजी आणि पोळी. मी तिला बाकाच्या उजव्या टोकाला बसायला सांगितलं आणि काही न बोलता बसून राहिलो. समोरच्याला शांततेची भीती वाटते. आमच्या ठाण्यात भलेभले त्या शांततेत फुटायचे.

ती शांतपणे दोन घास जेवली. मग म्हणाली, "काका, ऊन बरोबर माझ्या डोळ्यांत येईल असं बसवलंत. मुद्दाम ना?"

मी म्हणालो, "सातनंतर कुणाला माल दिलास?"

"कुणालाही नाही."

"नीट आठव."

"काका, ही चौकी आहे का? मग चहा तरी सांगा. आरोपीला पण चहा देतात म्हणे."

"थट्टा नको. पिशव्या आपल्या लोकांच्या आहेत. तू काउंटरवर असतेस. कोण काय घेतं ते तुला माहीत असणार."

तिने डबा बंद केला. रुमालाने बोटं पुसली. "माहीत आहे. सातच्या आत कोण कोण येतं, काय घेतं, घरच्यांना काय सांगतं, सगळं माहीत आहे. कुणाचे आईवडील आलेत, कुणाच्या बायकोला आवडत नाही. नावं सांगू का? सांगते. पण मग सगळी सांगावी लागतील, काका. मधलं एखादं गाळता येणार नाही."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी काय म्हणतो याची ती नुसती वाट पाहत होती.

"नको," मी म्हणालो. "नावं नकोत."

सबंध आयुष्यात साक्षीदार नाव सांगायला तयार असताना मी त्याला थांबवलं, असं ते एकदाच घडलं.

ती उठली. "मग बाईंना एवढं सांगा की मी काही केलेलं नाही. त्या दोन दिवस झाले माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर चाललं असतं हो. नुसत्या 'कष्ट घेतलेस, आभारी आहे' म्हणतात आणि आत जातात. इथे तसं म्हणायला लागले की समजायचं, विश्वास उडाला."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. आधी खऱ्या लोकांचा छडा लावू, मग सांगू, असं मनाला समजावलं.

छडा लावायची युक्ती जुनी होती. शनिवारी सकाळी समाजगृहात आमच्या मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. आत पोरं 'क, ख, ग' गिरवतात, बाहेर बाप लोक यंत्रातली कॉफी घेऊन उभे असतात. मी सहज बोलल्यासारखं टाकलं, "पंपाच्या मागे कॅमेरा बसवला म्हणे."

"कशाला?" एकाने विचारलं.

"कचऱ्याच्या डब्यावर."

"कचऱ्यावर कॅमेरा! हे लोक पण ना!" दुसरा मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने.

तिसरा कॉफी संपली होती तरी रिकामा कप तोंडाला लावत राहिला. आणि चौथा, इमारतीतला सगळ्यात सज्जन, दर दिवाळीला स्वतः चकल्या करणारा तरुण, त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, असं रेकॉर्डिंग साधारण किती दिवस ठेवतात?"

नोकरीत असताना हा प्रश्न जो विचारील त्याला मी लगेच खुर्ची द्यायचो. कॅन धुऊन टाकणारा हाच, हे मला तिथेच कळलं.

कॅमेरा नव्हताच. पण त्यानंतर सांदी स्वच्छ झाली. एक पिशवी नाही, एक कॅन नाही. ही गोष्ट फक्त आमच्या मराठी मंडळीत बोललो होतो, म्हणजे टाकणारेही तेवढ्यातलेच. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत. गुन्हा उघडकीस आला, असं म्हणायला हरकत नव्हती. मी खूश होतो. माझी पिशवीही अर्थात बंद झाली होती.

पुढच्या शुक्रवारी अध्यक्ष पुन्हा आले. हातात मिठाईचा खोका, नीट कागदात बांधलेला. या वेळी घरी मी एकटाच. ते सावकाश, सोप्या शब्दांत बोलले, आणि दुर्दैवाने मला सगळं समजलं. तुम्ही त्या बाकावर तिच्याशी बोललात. नंतर कॅन बंद झाले. खूप मदत झाली. पंपाच्या बाईही आता योग्य ती व्यवस्था करणार आहेत.

म्हणजे मी तिची चौकशी केली आणि गुन्हा थांबला, त्यावरून गुन्हेगार ती. माझ्याच तपासाने तिच्याविरुद्ध पुरावा उभा केला होता.

'नाही' हा शब्द मला जपानीत येत होता. इथे येऊन पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. अध्यक्ष कमरेत वाकले. समोरचा वाकला की आपणही वाकायचं, ही इथली सवय अंगात मुरली आहे. मी वाकलो. त्यांनी ते होकार म्हणून घेतलं आणि ते गेले. खोका हातात घेऊन मी दारात उभा होतो. मागे धावून जाता आलं असतं. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ वाजत होती, म्हातारा माणूस सावकाश उतरतो. मी दार लावलं.

रविवारी सकाळी समाजगृहात बैठक. चटईवर ओळीने बसलेली माणसं, प्रत्येकापुढे थंड चहाची बाटली. त्या वर्षी इमारतीच्या प्रतिनिधीची पाळी आमच्या घरावर होती, म्हणून पत्नी पहिल्या ओळीत आणि तिच्या शेजारी मी. पिशव्यांचा विषय निघणार हे कळल्यामुळे आमची बरीच मंडळी बायकांसह आली होती. चकल्या करणारा तरुण आपल्या वडिलांना घेऊन आला होता. साताऱ्याकडचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, नातवासाठी तीन महिन्यांकरता आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

नेहमीप्रमाणे भाषांतराला तीच. पंपाच्या बाईंच्या मागे उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. पेट्रोलचा खप, दुकानाची अवस्था, सातऐवजी दहा. तिचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा स्वच्छ. मग अध्यक्ष बोलले. जपानी माणूस अवघड गोष्ट बोलताना वाक्य फार लांबवतो. तिने ते संपेपर्यंत ऐकलं.

"अध्यक्ष म्हणताहेत," ती म्हणाली, "मधे जो काळजीचा प्रकार झाला तो आता थांबला आहे. मालकीणबाई दुकानातल्या माणसांत बदल करणार आहेत. त्यामुळे वस्तीने वेळ वाढवण्याचा विचार करायला हरकत नाही." जरा थांबली. "बदल म्हणजे मी. या महिन्यापर्यंत."

आमच्यातले जे बोलू शकत होते ते चटईकडे पाहत होते. मीही.

अण्णांना काही कळेना. त्यांनी मोठ्याने विचारलं, "का गं पोरी? तू काय केलंस?"

"काही नाही, अण्णा. पिशव्यांचं आहे."

"कसल्या पिशव्या?"

"पिठाच्या. पंपामागे बीअरचे कॅन भरून टाकलेल्या सापडल्या. त्यांना वाटतं, मी सातनंतर लोकांना विकते."

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"अण्णा, खाली बसा," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"का? तुझं नाव घेत न्हाई, घाबरू नगंस." उभे राहिले. टोपी सारखी केली. "पोरी, सांग त्यांना. रबर लावलेली पिशवी माझी. रोजचा एक डबा पितो मी. सातच्या आत घेतो, रोख देतो. पोराच्या घरात प्यायचं बरं दिसत न्हाई, त्याला काय वाटंल, म्हणून सकाळी फिरायच्या निमित्तानं टाकून यायचो. घरात कॅमेऱ्याचं बोलणं ऐकलं, तवापास्नं न्हाई. तुझा काय संबंध?"

मालकीणबाई वळून तिच्याकडे पाहत होत्या. मग तिने भाषांतर केलं. आवाज मघासारखा स्वच्छ नव्हता.

मुलगा हताशपणे वडिलांकडे बघत होता. "अण्णा, तुम्ही पिता?"

"आन् तू रं? रोज सकाळी तू पंपाकडं जायचास, मग मी जरा थांबून निघायचो. तू डबं धुऊन टाकतोस. लेका, चोरून टाकायचं ते धुतोस कशाला?"

पहिली हसली ती मागच्या ओळीतली एक बाई. "तरीच! मला ओट्याखाली रिकामी पिशवी म्हणून सापडत नव्हती." आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा, तोच तो रिकामा कप तोंडाला लावणारा, उठून उभा राहिला. मग तरुण उभा राहिला. मग मोठ्याने हसणारा. एकेक जण उठत होता आणि ती एकेकाचं भाषांतर करत होती: हे म्हणताहेत, एक पिशवी यांचीही. हे म्हणताहेत, यांचीही.

अध्यक्षांनी गोंधळून विचारलं, पण लपवता कशाला? तिने सांगितलं, आमच्याकडे वडिलांसमोर पीत नाहीत. त्यावर अध्यक्ष म्हणाले, आणि वडील मुलासमोर? तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "त्याचं वळण बिघडंल ना!" हे जपानीत गेल्यावर ते समाजगृह असं हसलं की बाटल्या कलंडल्या. मालकीणबाईंनी तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते.

पत्नी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, एवढे सगळे तुमच्या नाकाखाली! आणि तुम्ही म्हणे इन्स्पेक्टर." मग माझ्या हातावर हात ठेवून, हळूच, "तुम्ही सोडलीत ते किती बरं झालं."

मी मान हलवली. उठलो नाही.

आमच्या मंडळीत त्या दिवशी बसून राहिलेला पुरुष मी एकटा होतो.

मग मालकीणबाई उठल्या. सगळ्यांसमोर त्या मुलीपुढे इतक्या वाकल्या की तीच घाबरून त्यांना उठवायला लागली. अध्यक्षही वाकले, आपल्याकडून चूक झाली असं स्पष्ट शब्दांत म्हणाले. दहापर्यंतची वेळ सहा महिने करून पाहायचं ठरलं. अट अशी की अंधार पडल्यावर गाडी घेऊन येणाऱ्याला बीअर द्यायची नाही, आणि पंपाचा डबा व मागची जागा आमच्या इमारतीतल्या पुरुषांनी पाळीपाळीने साफ ठेवायची. देखरेखीला माझं नाव आपोआप घातलं गेलं. टाळ्या वाजल्या. ती मुलगी टाळ्यांतून एकदा माझ्याकडे वळली, आणि पुन्हा पुढचं वाक्य सांगायला लागली.

बाहेर पडताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, हे नाकारत नाही. ती वाचली म्हणून सुटका वाटली, आणि मी वाचलो म्हणूनही. दोन्हीत जास्त कोणती, हे त्या दिवशी मी तपासलं नाही.

दुकान चालू आहे. सहा महिन्यांची मुदत कधीच सरली, दहाची वेळ कायम झाली. संध्याकाळची किल्ली तिच्याकडे आहे, हाताखाली दोन माणसं. अण्णा गावी परतण्याआधी शनिवारी बापलेक खिडकीशी बसून एक कॅन दोन पेल्यांत ओतून प्यायचे, आणि सूनबाई शेंगदाणे भाजून द्यायची. कॅन आता इमारतीच्या दाराशी पारदर्शक पिशवीत पडतात. कुणाचं काही बिघडलेलं नाही. माझी सुटली. त्या बैठकीनंतर घशाखालीच उतरेना. ते चांगलंच झालं, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं? ठाण्यात संशयित गप्प राहिला की आम्ही म्हणायचो, पाणी मुरतंय. ही मुलगी गप्प होती, ती आमची घरं सांभाळण्यासाठी. मला ते बाकावरच कळलं होतं. दुसरं म्हणजे, तपासाचा कागद गुन्हा कुणी केला इथवर आला की आम्ही फाईल बांधायचो. मधल्या काळात ज्याच्यावर उगाच बोट दाखवलं त्याला जाऊन सांगायला शिपाईही पाठवायचो नाही. किती जण असतील असे, त्यांच्या गावात, त्यांच्या गल्लीत, अजून तेच बोट अंगावर घेऊन राहिलेले. नोकरीत असताना त्यांची आठवणही आली नाही. हल्ली येते.

हे लिहून झालं आणि बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. कागद आधी पत्नीच्या हातात देणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणेल.

पण त्याने सगळं फिटत नाही. मालकीणबाईंनी तिची माफी मागितली, अध्यक्षांनी मागितली. ज्याने तिला उन्हात बसवून विचारलं, "सांगतो" म्हणून सांगितलं नाही आणि दारात वाकून तिला दोषी ठरवलं, त्याने मागितलेली नाही. अजून ती मला दुकानात "या काका" म्हणते. त्या सगळ्या लोकांसमोर उभं राहून, तिच्याकडून भाषांतर करून न घेता, मला येईल तेवढ्या मोडक्या जपानीत एक पिशवी माझी होती हे सांगणं, आणि तिची माफी मागणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून बाकी आहे.